रात्रीच का चुरचुरतात डोळे?

रात्री दिवा मालवून मोबाइल बाजूला ठेवला, की अनेकांच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते. कुणी डोळे चोळतो, कुणी उठून नळाचे गार पाणी मारतो, कुणी गुलाबपाण्याची बाटली शोधतो. सकाळी पापण्या डोळ्यांना चिकटल्यासारख्या वाटतात, तासाभरात बरे वाटते आणि दिवसाच्या धावपळीत तक्रार विसरली जाते. पुढच्या रात्री पुन्हा तेच. हा त्रास इतका सर्रास झाला आहे, की त्याला आजार म्हणायलाही लोक तयार नसतात. ‘जागरण झाले’, ‘अंगात उष्णता वाढली’ असे म्हणून तो सोडून दिला जातो. नाहीतर औषधाच्या दुकानातून ‘डोळ्यांत घालायचे काहीतरी’ आणले जाते. खरा धोका या ‘काहीतरी’मध्ये आहे. पण आधी, हे रात्रीच का होते, ते समजून घ्यायला हवे.

डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक पातळ थर सतत पसरलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच. या थरात मुख्यतः पाणी असते, ते डोळ्याला धरून ठेवणारा चिकट स्राव असतो आणि सर्वांत वर तेलाचा तवंग असतो. हे तेल पापण्यांच्या कडांमधल्या बारीक ग्रंथींतून येते. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. दुधावरची साय जशी खालचे दूध झाकून ठेवते, तसे हे तेल खालच्या पाण्याला उडून जाऊ देत नाही. ग्रंथींची तोंडे बुजली, तेल घट्ट झाले, की पाणी पुरेसे असूनही डोळा कोरडा पडतो. कोरड्या डोळ्यांच्या बहुसंख्य रुग्णांत बिघाड या तेलाचाच असतो. ‘माझ्या डोळ्यांतून तर सारखे पाणी वाहते, मग कोरडे कसे?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. कोरडेपणाने डोळा चुरचुरला की मेंदूकडून अश्रुग्रंथीला हुकूम सुटतो आणि एकदम पाणी येते. ते गालावर ओघळते, डोळ्यावर टिकत नाही.

आता रात्रीचे. माणूस एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. पडद्यावर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. शिवाय मिटल्या तरी पापण्या अर्ध्याच मिटतात. प्रत्येक पूर्ण उघडझापीत तेलाचा ताजा थर पसरतो. ती उघडझापच दिवसभर अपुरी पडल्यावर अश्रू उडत जातात, उरलेले खारट होतात आणि संध्याकाळपर्यंत डोळ्याच्या पृष्ठभागाला सूज येऊ लागते. म्हणजे रात्री अकराला जाणवणारी आग सकाळी दहापासून साठत आलेली असते. पारपटल, म्हणजे डोळ्याचा पारदर्शक पडदा, हा शरीरातल्या सर्वाधिक मज्जातंतू असलेल्या भागांपैकी एक आहे. दिवसभर कामाच्या गडबडीत दुर्लक्षित राहिलेली त्याची तक्रार अंथरुणावर पडल्यावर ऐकू येते.

झोप लागली की अश्रू तयार होण्याचे प्रमाण आणखी घटते. निरोगी डोळ्याचे त्याने काही बिघडत नाही, कारण पापणी बंद असते. पण काहींच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटतच नाहीत, बारीकशी फट राहते. ज्याची फट राहते त्याला ते कधीच कळत नाही. घरातल्या कुणी रात्री पाहून सांगितले तरच कळते. त्या फटीवर रात्रभर पंख्याचा वारा लागला, तर सकाळी डोळे लाल होणारच. आपल्याकडे छताचा पंखा बहुधा नेमका पलंगावर असतो. एसी खोलीतल्या हवेतला ओलावा काढून घेतो. विदर्भातला कूलर हवेत ओलावा सोडतो हे खरे, पण त्याचे तोंड उशाकडे असेल तर त्या झोताने ओलाव्याचा फायदा पुसला जातो. घोरण्याच्या विकारासाठी यंत्राचा मुखवटा लावून झोपणाऱ्यांच्या डोळ्यांवर कडेने गळणारी हवा येते, ती वेगळीच.

काही कारणे औषधांच्या डब्यात सापडतात. सर्दी-ॲलर्जीची रात्री घ्यायची गोळी, नैराश्यावरची काही औषधे, मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन यांनी डोळे कोरडे पडू शकतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये हा त्रास वाढतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे, कधी महिने तो जाणवतो. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर प्रकरण डोळ्यांपुरते राहत नाही. स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात वर्णन केलेल्या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटण्याच्या विकाराची शंका मग घ्यावी लागते.

हे सारे शोधण्याऐवजी सोपा मार्ग म्हणजे कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान. तिथे ‘डोळे लाल झालेत’ म्हटले की दोन प्रकारच्या बाटल्या पुढे येतात. पहिल्या प्रकारात रक्तवाहिन्या आकसणारे औषध असते. डोळा लगेच पांढरा दिसतो, पण कोरडेपणा तसाच राहतो आणि औषधाचा असर उतरला की लाली पुन्हा, कधी आधीपेक्षा जास्त, उमटते. दुसऱ्या प्रकारात स्टेरॉइड असते. त्याने एका दिवसात जादूसारखे बरे वाटते आणि म्हणूनच ते जास्त घातक ठरते. महिनोन्महिने स्टेरॉइडचे थेंब घातल्यास काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. तो दुखत नाही, खुपत नाही. नजर कमी झाल्याचे लक्षात येईपर्यंत काचबिंदूने डोळ्याच्या नसेचा मोठा भाग गेलेला असतो, आणि गेलेली नस परत येत नाही. ॲलर्जीने डोळे खाजणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीत तर एकदा मिळालेली चिठ्ठी वर्षानुवर्षे वापरली जाते, हे अधिकच दुःखद आहे. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. तो कागदावर राहत असेल, तर दोष केवळ ग्राहकाचा नाही. अन्न व औषध प्रशासनाने झोपेच्या गोळ्यांवर जेवढी नजर ठेवावी, तेवढी या पाच मिलिलिटरच्या बाटलीवरही ठेवायला हवी.

कृत्रिम अश्रूंचे थेंब हे त्या मानाने निर्धोक. मात्र डोळ्यात घालायचे कोणतेही द्रव्य निर्जंतुक असावेच लागते, हे २०२३ मध्ये अमेरिकेत भीषण रीतीने सिद्ध झाले. भारतात तयार झालेल्या कृत्रिम अश्रूंशी संबंध जोडल्या गेलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूच्या संसर्गाने तिथल्या १८ राज्यांत ८१ जण आजारी पडले. १४ जणांची दृष्टी गेली आणि चौघांचा मृत्यू झाला. तेव्हा बाटलीवरची तारीख पाहणे, टोक पापणीला न लावणे, उघडलेली बाटली लेबलावरच्या मुदतीनंतर टाकून देणे आणि एकाच बाटलीवर सारे घर न चालवणे, ही खबरदारी घ्यायलाच हवी. याच कारणाने घरचे गुलाबपाणी, मध, दूध, तूप डोळ्यांत घालणे बंद व्हायला हवे. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील, तर परिरक्षक नसलेले घ्यावेत. परिरक्षक स्वतःच डोळ्याला चुरचुरवतो.

रात्रीच्या त्रासावर सर्वांत उपयोगी पडतो तो साधा शेक. स्वच्छ रुमाल सोसवेल इतक्या कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर ठेवायचा. तो मिनिट-दोन मिनिटांत गार होतो, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवत पाच ते दहा मिनिटे शेकायचे. घट्ट झालेले तेल विरघळते. मग बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर अशी हलकेच चोळली की ते बाहेर पडते. काजळ लावणाऱ्यांनी झोपण्यापूर्वी ते पुसून काढावे, कारण ते नेमके त्याच ग्रंथींच्या तोंडावर बसते. हे दोन दिवस करून सोडून देण्यासारखे नाही, फरक दिसायला काही आठवडे लागतात. झोपताना थेंबांऐवजी कृत्रिम अश्रूंचे मलम लावले तर ते रात्रभर टिकते. त्याने नजर धूसर होते, त्यामुळे रात्री लघवीला उठणाऱ्या वृद्धांनी पलंगाजवळ दिवा ठेवावा. पंख्याचा वेग कमी करणे किंवा पलंग सरकवणे याला तर पैसेही पडत नाहीत. दिवसा दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे आणि त्या वेळी पापण्या मुद्दाम पूर्ण मिटाव्यात. पडदा नजरेच्या थोडा खाली असेल तर डोळे कमी उघडे राहतात. ओमेगा-३च्या गोळ्यांची जाहिरात जोरात असली, तरी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५३५ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत, वर्षभरानंतर त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

चार-सहा आठवड्यांत आराम पडला नाही, तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. खालच्या पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत ती किती भिजते हे पाहण्याची श्यर्मर चाचणी शंभर वर्षांहून जुनी आहे. तिच्या जोडीला, अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो हेही रंगीत थेंब घालून पाहतात. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि आजवर वापरलेल्या थेंबांच्या रिकाम्या बाटल्याही पिशवीत घालून न्याव्यात. मात्र पहाटे डोळा उघडताना चाकू फिरल्यासारखी कळ येत असेल, उजेड सहन होत नसेल, एकच डोळा लाल होऊन नजर अंधुक झाली असेल, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपल्यावर डोळा दुखत असेल, तर शेक आणि मलम यांत वेळ घालवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.