परकायाप्रवेश : जुना आणि नवा

पाश्चात्य ग्रंथकारानें एखादी नवी कल्पना काढली, कीं 'हें आमच्याकडे पूर्वींच होतें' असें म्हणून पुस्तक मिटून टाकणारा एक वर्ग आपल्या सुशिक्षितांत आहे. अशाच एका गृहस्थांची गांठ मध्यंतरीं चिकलठाण्याच्या विमानतळावर पडली. त्यांच्या कन्येच्या हातीं स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची 'द होस्ट' ही २००८ सालची कादंबरी होती. परग्रहावरील जीव माणसांच्या शरीरांत शिरून पृथ्वी बळकावतात, हा तिचा विषय. गृहस्थ हंसून म्हणाले, "यांत नवें तें काय? परकायाप्रवेश! आमच्या पैठणच्या गोष्टी!" मुलगी कांहीं बोलणार होती, ती गप्प बसली. तिच्या वतीनें हें उत्तर.

गृहस्थांचें अर्धें म्हणणें खरें आहे. चिकलठाण्यापासून सुमारें ५० किलोमीटरांवरील पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान. 'बृहत्कथे'चा कर्ता गुणाढ्य तेथेंच सातवाहन राजाच्या पदरीं होता, अशी परंपरा आहे. त्या कथेच्या आधारें सोमदेवानें अकराव्या शतकांत रचलेल्या 'कथासरित्सागरां'त इंद्रदत्ताची गोष्ट येते. गुरुदक्षिणेसाठीं एक कोटि सुवर्णमुद्रा हव्यात आणि नंद राजा तर नुकताच मेलेला; तेव्हां इंद्रदत्त योगबळानें त्याच्या प्रेतांत शिरतो. मंत्री शकटाल यास संशय येतो, तो राज्यांतील सारीं प्रेतें जाळवितो, आणि त्यांत इंद्रदत्ताचें मूळ शरीरहि भस्म होतें. चांगदेव राउळांनीं भडोचच्या प्रधानपुत्राच्या, हरपाळदेवाच्या, मृतदेहांत प्रवेश केला व तेच पुढें चक्रधर झाले, अशी महानुभावांची श्रद्धा आहे. शंकराचार्य व अमरुक राजा यांची कथा तर घरोघर ठाऊक आहे.

परंतु या तिन्ही ठिकाणीं शरीर प्रेताचें आहे. मालक कायमचा निघून गेल्यावर रिकाम्या घरांत कोणी शिरला, तर तंटा करावयास उरतो कोण? कथेचा ओघ शिरणाराच्याच मागोमाग जातो. नंदाच्या राणीला काय वाटलें, हें इंद्रदत्ताच्या कथेला सांगावेसें वाटत नाहीं.

मेयरबाईंच्या कादंबरींत मालकीण जिवंत आहे. मेलनी नांवाच्या तरुणीच्या देहांत 'वाँडरर' ही परग्रहवासिनी शिरते. पण मेलनी जात नाहीं. ती आंतून बोलते, भांडते. तिच्या आठवणींबरोबर तिचा प्रियकर जॅरेड हाहि नवागतेच्या मनांत भरतो. आणि पुढें इयन नांवाचा तरुण त्याच देहांतल्या वाँडररवर प्रेम करूं लागतो. देह एक, मनें दोन. मग संमति घ्यावयाची कोणाची? जुन्या कथांनीं न विचारलेला प्रश्न तो हाच. हा केवळ परग्रहाचा प्रश्न आहे, असेंहि कोणी समजूं नये. लग्नांत सुनेचें नांव बदलून सासरची इच्छा तिच्या तोंडून वदविणाऱ्या समाजानें 'आमच्याकडे हें होतेंच' असें खुशाल म्हणावें. मात्र निराळ्या अर्थानें!

कादंबरी निर्दोष नाहीं. शेवटीं लेखिका कच खाते. मेलनीचा देह परत देऊन वाँडरर मरणास सिद्ध होते, येथवर सारें उत्तम. पण तिचे सोबती तिला मरूं देत नाहींत. तिच्यासाठीं दुसऱ्या एका मुलीचें शरीर आणतात. त्या शरीराची मूळ मालकीण वाट पाहूनहि जागी होत नाहीं, म्हणून सर्व बिनतक्रार पार पडतें! इतकीं पृष्ठें लढविलेला प्रश्न अखेर पुन्हा रिकाम्या घराच्याच आडोशास गेला. इंद्रदत्तानें निदान स्वतःचें शरीर गमावून किंमत मोजली. येथें ती एका मुक्या मुलीनें मोजली.

हा आक्षेप त्या गृहस्थांनीं घेतला असता, तर आम्हीं तो मान्यच केला असता. परंतु त्यासाठीं पुस्तक वाचावें लागतें. जुन्या ग्रंथांचा मान त्यांच्याशेजारीं नवे ग्रंथ ठेवून दोन्ही तपासण्यांत आहे; जुन्याचें नांव घेऊन नव्याचें तोंड बंद करण्यांत नाहीं. मुलीच्या मताच्या जागीं बापानें आपलें मत बसवावें, हाहि एक परकायाप्रवेशच होय. त्याला योगसिद्धि मात्र लागत नाहीं.