बोल्ट किती घट्ट?

मंडळी, क्लेमेंटीच्या ४४८ नंबर ब्लॉकच्या बाजारात मासळी घेताना काट्यावरचं ‘अ‍ॅक्युरसी’चं स्टिकर पाहिलंत का? काटा सरकारी नियमाप्रमाणे तपासलाय, याची ती खूण. आपल्याकडे वाण्याच्या वजनांवर शिक्का असतो, तसंच. बोल्टमधला ताण मोजणाऱ्या यंत्रालाही अशीच तपासणी लागते.

बोल्ट आवळला की किंचित लांबतो आणि परत आखडू पाहतो. त्या ओढीनेच दोन भाग एकमेकांना धरून राहतात. ओढ कमी पडली की नट सैल होऊ लागतात. इंग्लंडमध्ये पॉटर्स बार इथे मे २००२ मध्ये रुळांच्या सांध्यातले नट निघाल्यामुळे गाडी घसरली आणि सात माणसं गेली.

“टॉर्कचा पाना आहे की!” असं कुणी म्हणेल. पण पान्याच्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा ताणात उतरतो, बाकीचा घर्षणात जातो. आट्यांना तेल लावलंय की नाही, एवढ्यानेही हिशेब बदलतो. म्हणून महत्त्वाच्या जागी अल्ट्रासॉनिक यंत्र वापरतात. बोल्टच्या डोक्यातून ध्वनिलहर सोडायची आणि दुसऱ्या टोकावर आपटून परत यायला लागलेला वेळ मोजायचा. १०० मिलिमीटरच्या पोलादी बोल्टात हा वेळ सुमारे ३४ मायक्रोसेकंद. बोल्ट लांबला की वेळ वाढतो.

गोम अशी, की ताणाखाली पोलादातली लहरही मंदावते. वाढलेल्या वेळापैकी साधारण एक तृतीयांशच खऱ्या लांबीमुळे असतो. शिवाय उन्हात तापलेला बोल्ट न आवळताच ताणलेला ‘दिसतो’.

म्हणून कॅलिब्रेशन. त्याच लॉटमधले नमुन्याचे बोल्ट प्रमाणित टेन्साइल मशीनमध्ये टप्प्याटप्प्याने ओढायचे, प्रत्येक टप्प्याला वेळ आणि तापमान टिपायचं, आणि तो तक्ता यंत्राला द्यायचा. कामाच्या जागी प्रत्येक बोल्टचं आवळण्यापूर्वीचं माप वेगळं घ्यायचं. पोलाद बदललं की तक्ता नवा.

जुराँग बेटावर काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअर मुलामुलींना एवढंच सांगणं: शटडाऊनच्या घाईत “हे कॅलिब्रेशन कोणत्या बोल्टांवर, केव्हा केलं?” असं विचारणारा कटकट्या वाटतो. तरी विचारा. चुकीचं यंत्रही आकडा तितक्याच ठामपणे दाखवतं.

पुढच्या अंकात वेल्डिंगच्या तपासणीविषयी.