वायफाय स्लो झालं की आरोपी कोण?

आमच्या घरात वायफाय स्लो झालं की सगळ्यांत आधी आजीचा मोबाइल बंद होतो. असा नियम कुणी केलेला नाही, पण होतं तसंच. दादाचं वर्क फ्रॉम होम म्हणजे काम, बाबांच्या बातम्या म्हणजे गरज, माझं ऑनलाइन लेक्चर म्हणजे करिअर आणि आजीचं यूट्यूबवरचं कीर्तन म्हणजे टाइमपास!

गेल्या महिन्यात माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. पाचव्याच मिनिटाला समोरून आलं, ‘‘तुमचा आवाज तुटतोय.’’ मी म्यूट केलं आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडले, ‘‘आजी, ते कीर्तन बंद कर आधी!’’ तिने काही न बोलता मोबाइल बंद करून बाजूला ठेवला. आवाज तरीही तुटतच राहिला. शेवटी मोबाइल डेटावर कसाबसा इंटरव्ह्यू संपवला. ते काम मला मिळालं नाही आणि त्याचं खापर मी मनातल्या मनात आजीवर फोडून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी इंजिनीअरिंगला असलेली मैत्रीण घरी आली. माझी कहाणी ऐकून तिने एकच विचारलं, ‘‘मोजलंस का?’’ मग आम्ही लॅपटॉपला राउटरची केबल लावली, बाकी सगळं बंद केलं आणि स्पीड टेस्ट केली. प्लॅनमध्ये लिहिलेला स्पीड पूर्ण मिळाला, म्हणजे कंपनीचा दोष नव्हता. मग घरातलं एकेक डिव्हाइस सुरू करत गेलो. आजीचं कीर्तन लावलं, कॉल व्यवस्थित. दादाचा लॅपटॉप, टीव्ही, तरी व्यवस्थित. माझा फोन चार्जिंगला लावून वायफायला जोडला आणि आवाज तुटायला लागला. हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकचे फोर-के व्हिडिओ क्लाउडवर बॅकअप होत होते. इंटरव्ह्यूच्या वेळीही फोन चार्जिंगलाच होता. आरोपी माझ्याच उशाशी!

यातलं गणित तसं सोपं आहे. मोबाइलवरच्या एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. आमचा डाउनलोड १०० आहे, पण अपलोड फक्त १०. बॅकअपने ही अपलोडची वाट अडवली की माझा आवाज मागे रांगेत उभा राहतो. डाउनलोडलासुद्धा ‘मिळालं, पुढचं पाठव’ असा निरोप याच वाटेने पाठवावा लागतो, त्यामुळे सगळ्यांचंच नेट रखडतं. कीर्तन बंद करून यात काडीचाही फरक पडणार नव्हता.

मग मी राउटरकडे वळले. आमचा राउटर टीव्हीच्या मागे, शोकेसच्या कोपऱ्यात दडवलेला होता, कारण त्याच्या वायरी ‘दिसायला बऱ्या नाहीत’. वायफाय म्हणजे शेवटी रेडिओलहरी. भिंती, आरसे, लोखंडी कपाट यांतून जाताना त्या क्षीण होतात. आजीची खोली सगळ्यांत लांब. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच डिव्हाइस बोलतं आणि रेंज कमी असलेल्या फोनला तेवढाच डेटा पाठवायला जास्त वेळ लागतो. म्हणजे आजीच्या फोनमुळे बाकीच्यांना थोडं थांबावं लागत असेलही. पण हा दोष आजीचा, की तिला न विचारता राउटरची जागा ठरवणाऱ्या आमचा?

त्यात आम्ही राहतो डोंबिवलीत. इथे शेजारच्या बिल्डिंगमधली फोडणी कशाची, हे आमच्या खिडकीतून कळतं, तर त्यांचं वायफाय येणारच! २.४ गिगाहर्ट्झचा पल्ला मोठा, पण गर्दीही तिथेच. त्यात एकमेकांत न घुसणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच. ५ गिगाहर्ट्झ जवळच्या अंतरावर वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतं. म्हणून आम्ही राउटर पॅसेजमध्ये उंचावर लावला. लॅपटॉप ५ वर टाकले, आजीचा फोन २.४ वर ठेवला आणि टीव्हीला सरळ केबल दिली. खर्च झाला फक्त केबलचा.

‘त्यापेक्षा मोठा प्लॅन घ्या की,’ असं अनेक जण सांगतात. केबल लावूनही स्पीड कमी पडत असेल, तर जरूर घ्या. नाहीतर दर महिन्याला जास्त पैसे भरायचे आणि राउटर मात्र शोकेसमागेच. आणखी एक गल्लत म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला १०० एमबीने उतरत नाही. फार तर साडेबारा एमबीने उतरते, कारण आठ बिट म्हणजे एक बाइट. कंपनीला फोन करण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

पण मला सगळ्यांत जास्त टोचलं ते वेगळंच. आपण टेक्नॉलॉजी कळणारी पिढी म्हणवतो. घरातल्यांचे पासवर्ड आपल्याकडे, सेटिंग्ज आपल्याकडे आणि दोष मात्र ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यावर. कारण त्या उलटून विचारू शकत नाहीत. इंटरव्ह्यू असेल तर अर्धा तास नेट मागून घ्यावं, त्यात गैर काही नाही. पण मागणं वेगळं आणि ओरडणं वेगळं. आणि कुणाचं नेट कामाचं, कुणाचं टाइमपास, हे ठरवायचा हक्क आपल्याला दिला कुणी? दिवसभर घरात एकट्या असलेल्या आजीसाठी ते कीर्तन म्हणजे सोबत असते.

तेव्हा पुढच्या वेळी नेट अडकलं, तर आधी आपलाच बॅकअप, आपलेच अपडेट बघा. मग केबल लावून मोजा. कुणावर ओरडायचं ते त्यानंतर ठरवा.

मी आजीला सॉरी म्हटलं. अपलोड म्हणजे काय तेही समजावलं. आता बॅकअप रात्री झोपताना सुरू करते. कीर्तन अडकलं की आजी आतूनच विचारते, ‘‘काय गं, तुझं काही वर चढतंय का?’’

आणि बहुतेक वेळा चढतच असतं.