संगणक-कट्टा: ड्राइव्ह हरवली, फायली नव्हेत

मंडळी, सकाळी लॉगिन केलं आणि ऑफिसची 'एच' ड्राइव्ह दिसेना, तर घाबरू नका. फायली सर्व्हरवर असतात. लॉगिन स्क्रिप्टने करायची जोडणी तेवढी झालेली नसते.

अशा वेळी आम्ही 'नेट यूज' ही आज्ञा स्वतः टाइप करतो आणि एररचा क्रमांक वाचतो. ५३ म्हणजे सर्व्हरचा पत्ता सापडत नाही. नाव, केबल, व्हीपीएन तपासा. ८५ म्हणजे ते अक्षर आधीच अडलेलं; जुनी जोडणी तोडा.

हाताने जमतं, पण स्क्रिप्टने नाही? मग स्क्रिप्ट बहुधा नेटवर्कच्या आधीच धावते. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून लॉगिन आपणहून नेटवर्कसाठी थांबत नाही. तसं ग्रुप पॉलिसीत सांगावं लागतं. ते काम ॲडमिनिस्ट्रेटरचं. त्याला नुसतं "चालत नाही" म्हणू नका, क्रमांक सांगा!