विकासाचे कर्ज आणि मळ्यांचे मालक

शेतीच्या नावाने पैसा येतो. पण तो शेतकऱ्याच्या हाती पडतोच असे नाही. जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचा कारभार पाहिला म्हणजे हे पुरते ध्यानात येते. हे महामंडळ 1956 साली स्थापन झाले आणि भारत त्याच्या संस्थापक सभासदांपैकी एक आहे. त्याचे भागभांडवल सभासद सरकारांचे, म्हणजे शेवटी करदात्या जनतेचे. त्याची कर्जे मात्र खाजगी कंपन्यांना मिळतात आणि त्यांना त्या त्या देशाच्या सरकारची हमी लागत नाही. खाद्यतेल, चहा, पशुखाद्य, अन्नप्रक्रिया या धंद्यांतील बड्या कंपन्या त्याच्या दाराशी येतात. त्यांना तेथे पैसा तर मिळतोच, शिवाय ‘विकासा’चा शिक्काही मिळतो. तो शिक्का पाहून इतर बँकाही थैल्या मोकळ्या करतात.

हा शिक्का कोणाच्या पाठीवर उमटतो? मध्य अमेरिकेतील होंडुरासचे उदाहरण घ्या. तेथील आगुआन नदीच्या खोऱ्यात जमीनसुधारणेच्या काळात भूमिहीन शेतकऱ्यांना आणून वसवण्यात आले आणि त्यांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. 1992 च्या शेती ‘आधुनिकीकरण’ कायद्याने या संस्थांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी झाली. पाहता पाहता ताडतेलाचे मळे मूठभर जमीनमालकांच्या हाती एकवटले. त्यांत अग्रभागी होती मिगेल फाकुसे यांची दिनांत कंपनी. 2008 साली महामंडळाने या कंपनीला 3 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. जून 2009 मध्ये लष्कराने निवडून आलेले अध्यक्ष मानुएल झेलाया यांना पदच्युत केले. देशात दडपशाही सुरू असताना, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, महामंडळाने कर्जाचा निम्मा हप्ता, म्हणजे दीड कोटी डॉलर, कंपनीच्या हवाली केला.

पुढे जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांचे मुडदे पडू लागले. महामंडळाच्याच तक्रार-चौकशी कार्यालयाचा अहवाल जानेवारी 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. जानेवारी 2010 ते मे 2013 या काळात शेतकरी चळवळीशी संबंधित किमान 102 माणसे मारली गेली, आणि त्यांपैकी 40 मृत्यूंचा संबंध कंपनीच्या मळ्यांशी वा पहारेकऱ्यांशी जोडला जातो, असे आरोप त्यात नोंदले आहेत. कंपनीने ते नाकारले. परंतु जमिनीच्या वादाची व हिंसेची जोखीम महामंडळाने नीट तपासली नाही, स्वतःचेच नियम पाळले नाहीत, हा त्या कार्यालयाचा स्पष्ट निष्कर्ष होता. एवढ्यावरही गोष्ट संपत नाही. 2011 साली महामंडळाने होंडुरासच्या फिकोसा बँकेत 7 कोटी डॉलर गुंतवले, आणि त्या बँकेच्या बड्या कर्जदारांत दिनांत होतीच. समोरचे दार बंद दिसले तरी मागचे दार उघडे होते!

हे दूरदेशीचे दुखणे म्हणून सोडून देता येणार नाही. 2009 साली महामंडळाने आसाम व उत्तर बंगालमधील टाटांच्या चहामळ्यांसाठी निघालेल्या अमाल्गमेटेड प्लांटेशन्स या कंपनीत 78 लाख डॉलर गुंतवून सुमारे 20 टक्के भाग घेतले. कामगारांनाही भागधारक करण्याची योजना मोठ्या गाजावाजाने मांडली गेली. भागांच्या किमतीचे हप्ते मात्र मजुरीतून कापले जात. 2013 साली मळ्यांतील श्रमिकांच्या वतीने तक्रार झाली आणि 2016 च्या चौकशी अहवालाने महामंडळावर ठपका ठेवला. घरे व स्वच्छता, मजुरी, कीटकनाशकांपासूनचा धोका या प्रश्नांकडे त्याने पुरेसे लक्ष दिले नव्हते. ज्याच्या घराचे छप्पर गळते त्याला ‘मालक’ म्हणण्यात कोणता विकास आहे?

खाजगी भांडवलाने रोजगार येतो, सरकारी कर्जे बुडतात, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. रोजगार येतो, हे खरे. पण धंदा इतका किफायतशीर असेल तर कंपनीने बाजारातून कर्ज काढावे. जनतेच्या भांडवलाचा टेकू कशाला हवा? आणि टेकू हवाच असेल तर जनतेच्या शर्ती तिला मानल्याच पाहिजेत. नफा खाजगी तिजोरीत आणि जमीन, पाणी व प्राण यांची किंमत कष्टकऱ्यांच्या माथी, हा सौदा विकासाचा नव्हे.

दाद मागावी तर कोठे? चौकशी कार्यालय शिफारशी करते, हुकूम देऊ शकत नाही. मुंद्रा येथील टाटांच्या वीजप्रकल्पाला याच महामंडळाने 45 कोटी डॉलरचे कर्ज दिले, तेव्हा गुजरातचे मच्छीमार व शेतकरी अमेरिकेच्या न्यायालयात गेले. आपल्याला खटल्यापासून संपूर्ण संरक्षण आहे, हा महामंडळाचा दावा तेथील सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2019 रोजी 7 विरुद्ध 1 मतांनी फेटाळला. विजय मोठा होता, पण टिकला नाही. मूळ कृत्य अमेरिकेत घडलेच नाही, असे म्हणून 2021 साली अपील न्यायालयाने खटला काढून टाकण्याचा निर्णय कायम केला, आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्याचे नाकारले.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. कर्ज थेट असो वा बँकेमार्फत, अखेरचा लाभधारक जाहीर झाला पाहिजे. जमिनीवर राहणाऱ्यांची व कामगार संघटनांची संमती, त्यांच्या भाषेत सर्व कागद समजावून देऊन, आधी घेतली पाहिजे. चौकशीचे निष्कर्ष बंधनकारक झाले पाहिजेत आणि नुकसानभरपाईची तरतूद कर्जाच्या करारातच असली पाहिजे. संचालक मंडळावरील भारताच्या प्रतिनिधीने कोणत्या कर्जाला कसे मत दिले, हे संसदेला कळले पाहिजे. चहामळ्यात, साखरपट्ट्यात, बंदरात जेथे जेथे आपले साथी काम करतात तेथे त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा: या कंपनीत पैसा कोणाचा आहे? उत्तर ‘जनतेचा’ असे निघाले, तर त्याचा हिशेब मागण्याचा हक्कही जनतेचाच आहे.