सांधा झाकू नका, जोडा

कुटुंब वाढले आणि जागा अपुरी पडू लागली की एका खोलीच्या दोन खोल्या करण्यासाठी आजकाल पुष्कळ ठिकाणी जिप्सम बोर्डाची भिंत घालतात. वीट-वाळूचा पसारा नाही, जागा कमी अडते, काम लवकर होते. मात्र रंग दिल्यावर काही महिन्यांत दोन बोर्डांच्या सांध्यावर सरळ भेग उमटते आणि घरमालक व कारागीर यांच्यात तंटा सुरू होतो. या तंट्याविषयी दोन्ही बाजूंच्या बंधूंना चार शब्द सांगावेसे वाटतात.

भेगेत लांबी भरून वरून रंगाचा हात मारणे यालाच अनेकजण दुरुस्ती समजतात. ही दुरुस्ती नव्हे. बोर्ड ज्या पत्र्याच्या चौकटीवर बसवलेले असतात ती थोडीफार हलते. दार आपटले की धक्का बसतो. नुसती लांबी हा ताण सोसत नाही, म्हणून भेग त्याच जागी पुन्हा उघडते. कापडाच्या धंद्यातील माणसाला हे चटकन समजेल. शिवणीत माया ठेवली नाही तर ती उसवणारच. सांध्यावरची कागदी टेप ही त्या भिंतीची माया आहे.

योग्य पद्धत अशी. सुटलेला रंग, लांबी व जुनी सैल टेप खरवडून काढावी. बोर्ड हाताने दाबून पाहावा. हलत असेल तर सांध्याच्या दोन्ही अंगांना नवे स्क्रू चौकटीत घट्ट बसवावेत, नाहीतर पुढची मेहनत वाया जाते. मग भेग जॉइंटिंग कंपाउंडने भरावी, त्याच्या ओल्या थरावर टेप बसवावी आणि पात्याने दाबून आतली हवा काढावी. वाळल्यावर दुसरा हात सुमारे ८ इंच व तिसरा १२ इंच रुंद द्यावा, कडा पातळ करत न्याव्यात. प्रत्येक हात वाळायला साधारण २४ तास द्यावेत, पावसाळ्यात अधिक. शेवटी बारीक पॉलिश पेपर, प्रायमर आणि पूर्ण भिंतीला रंग. तुकड्यापुरता रंग दिला तर तो डागासारखा उठून दिसतो. भेगेजवळ ओल असेल तर आधी गळती थांबवावी.

या कामाला तीन-चार दिवस लागतात. टेपचा खर्च किरकोळ आहे, खर्च आहे तो वेळेचा. ईद किंवा लग्न तोंडावर आले की घरमालक 'आजच्या आज संपवा' म्हणतो आणि मजुरीतही घासाघीस करतो. मग कारागीर टेप वगळतो. रंगाखाली ते कोणाला दिसत नाही.

धान्याच्या ढिगाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. वर कोरडे आणि आत भिजलेले धान्य पाहून हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी विक्रेत्याला फटकारले होते. ऐब लपवलेली भिंत आणि ऐब लपवलेले थान यांत फरक तो काय? कारागिराने काम घेतानाच सांगावे की टेप लावणार की नाही, किती दिवस लागतील आणि चौकटच कमजोर असेल तर भेग पुन्हा येईल. तीन दिवसांचे काम एका दिवसात मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

घरमालकावरही जबाबदारी आहे. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही शिकवण आपण नेहमी सांगतो, पण मजुरी रास्त असावी हे विसरतो. काय करायचे, किती दिवसांत आणि कितीला, हे कागदावर लिहून घ्यावे. व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआन शरीफमध्येच आहे.

आपल्या कितीतरी मुलांची रोजी रंगकाम व फर्निचरवर चालते. त्यांच्या कामाचा भरवसा उडाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दाराला जाईल. अल्लाह आपणा सर्वांना सचोटीने कमावण्याची तौफीक देवो.