ठळक अक्षरे म्हणजे मथळा नव्हे

बंगळुरूच्या विधानसौधावर ‘सरकारी काम हे देवाचे काम’ अशा अर्थाची कानडी ओळ कोरलेली आहे. मग दोनशे पानी अहवालात एक प्रकरण शोधताना भक्ताचा अंत का पाहावा?

कागदी नस्तीला पताका लावण्यास न विसरणारे आपण संगणकावर मात्र मथळ्याची अक्षरे केवळ मोठी व ठळक करून मोकळे होतो. डोळ्यांना तो मथळा दिसतो. यंत्राच्या लेखी ती इतरांसारखीच एक ओळ असते. वर्डमध्ये त्या ओळीवर कंट्रोल, ऑल्ट व १ या कळा एकत्र दाबल्या की खरा मथळा होतो. मग नेव्हिगेशन पेन उघडताच सारे मथळे ओळीने दिसतात आणि एका टिचकीसरशी प्रकरण समोर येते. लिब्रेऑफिसमध्ये तीच यादी एफ५ कळ उघडते.

‘ही केवळ सोय आहे’ असे म्हणणाऱ्यांनी दृष्टिहीन सहकाऱ्याचा विचार करावा. त्याचे स्क्रीन रीडर मथळ्यावरून मथळ्यावर उडी घेते ते मथळे खरे असतील तरच. एरवी त्याने दोनशे पाने ऐकत बसावे. शासकीय मजकूर सुलभ असावा, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांगितलेच आहे. तेव्हा खऱ्या मथळ्यांविना आलेला मसुदा अधिकाऱ्याने स्वाक्षरी न करता परत पाठवावा.